बोनेटवर टिचकी मारून गाडी कळत नाही

सोलापुरात छोटी गाडी बघायला अख्खं घर शोरूमला येतं आणि त्यातला एक जण बोनेटवर टिचकी मारतोच. "पत्रा लई पातळ आहे की हो!" असेना का. धडकेचा मार बोनेटचा पत्रा झेलत नाही. तो जातो बंपरमागच्या आडव्या बीमवर, तिथून इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या चासीवर, मग दाराच्या खांबांवर आणि उंबऱ्यावर. गाडीचं नाक चुरगळायलाच हवं, बसायची जागा तेवढी शाबूत राहिली पाहिजे.

ते क्रॅश टेस्टच्या अहवालात दिसतं. भारत एनकॅप, म्हणजे धडकेच्या चाचणीवरून गाड्यांना तारे देणारी आपली सरकारी योजना, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. मोठ्यांसाठी ३२ पैकी आणि मुलांसाठी ४९ पैकी गुण असतात; पाच तारे हवे असतील तर किमान २७ आणि ४१ लागतात. चाचणी ऐच्छिक आहे, त्यामुळे तारे नसलेली गाडी नापासच झाली असं नाही, ती बहुधा पाठवलेलीच नसते. ग्लोबल एनकॅप या परदेशी संस्थेचे जुलै २०२२ आधीचे तारे मात्र वेगळ्या नियमांचे, मोठ्यांचे गुण १७ पैकी. सेल्समन 'पाच स्टार' म्हणाला की कुठल्या वर्षीचे आणि कुठल्या व्हेरियंटचे, हे विचाराच. ग्लोबलच्या अहवालात सांगाडा 'स्थिर' की 'अस्थिर' तेही लिहिलेलं असतं. तारे मोजण्याआधी ती ओळ वाचा.

समोरची टेस्ट ताशी ६४ किलोमीटरला होते. पुणे हायवेवर १०० ने जाताना त्याच गाडीत जवळपास अडीचपट ऊर्जा असते. शिवाय ही धडक साधारण तेवढ्याच वजनाच्या गाडीशी झाल्यासारखी धरलेली असते, त्यामुळे छोट्या गाडीचे पाच तारे आणि जडशीळ एसयूव्हीचे पाच तारे एका तराजूत घालू नका. हंगामात रात्री विनालाइटची उसाची ट्रॉली पुढे आली, तर गाडी तिच्याखाली घुसते आणि मार थेट काचेच्या खांबावर बसतो. त्याला तारे पुरत नाहीत. म्हणून टेस्ट ड्राइव्ह अंधार पडल्यावर घ्या आणि हेडलाइटचा उजेड किती लांब पडतो ते बघा.

एअरबॅग मोजण्यात सगळे रमतात, मागच्या सीटकडे कुणी बघत नाही. मधल्या माणसाला खांद्यावरून येणारा पट्टा आहे की नुसता कमरेचा? हेडरेस्ट वर ओढून बघा, त्याचा माथा डोक्याच्या माथ्याइतका आला पाहिजे. पाठ आणि बैठक जुळते त्या फटीत बोटं घाला: आयसोफिक्सच्या दोन लोखंडी कड्या हाताला लागल्या पाहिजेत, एकमेकींपासून २८ सेंटिमीटरवर. लहान पोराची सीट तिथेच अडकते.

जुनी गाडी घेताना सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. बुडाशी शिवलेल्या लेबलावर बहुतेक वेळा तारीख असते. गाडी २०१९ ची आणि पट्टा २०२२ चा असेल, तर तो का बदलला ते विचारा. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. मडगार्डच्या बोल्टांवरचा रंग खरवडलेला दिसला तर बोनेट उघडून चासीवर वेल्डिंगचे जोड शोधा. कारखान्याचे ठिपके एकसारखे, सारख्या अंतरावर असतात. गॅरेजचं वेल्डिंग लगेच ओळखू येतं.