आमची वाटचाल: खनिजाच्या ट्रकापासून एव्होच्या टर्बोपर्यंत

आमचे वर्कशॉप गोव्यात, फोंडा तालुक्यात, तिस्क-उसगावच्या रस्त्याला लागून. १९९८ साली बाबांनी ते सुरू केले, तेव्हा पाटीवर 'टर्बो रिपेअरिंग' एवढे दोनच शब्द होते. या रस्त्यावर तेवढे पुरत होते. पावसाळा संपला की खनिजाचे ट्रक सुरू व्हायचे आणि मे अखेरीपर्यंत त्यांची रांग तुटायची नाही. खाणीवर माल भरायचा, नदीकाठच्या धक्क्यावर ओतायचा, परत फिरायचे. तिथून पुढे तो बार्जीने मुरगाव बंदराकडे जायचा. ट्रकवाल्याचे पैसे फेऱ्यांवर असायचे. टर्बो गेलेला ट्रक म्हणजे घरात बसलेला कमावता माणूस, आणि म्हणून लोक रात्री अकरालाही दार वाजवायचे.

टर्बो म्हणजे एका शाफ्टवर दोन चाके. एक चाक सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर फिरते, दुसरे बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. मिनिटाला लाखभर फेऱ्या, छोट्या टर्बोत त्याहूनही कितीतरी जास्त. एवढ्या वेगात शाफ्ट बुशावर, म्हणजे ज्या धातूच्या कड्यात तो फिरतो त्यावर, टेकलेला नसतो, तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल उशिरा आले, मळके आले, की बुश गेला. बुश गेला की चाक हाऊसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, घासते.

आमच्याकडचा खरा शत्रू मात्र धूळ. फिल्टर आणि टर्बोच्या मधला रबरी होज कुठेतरी चिरलेला असायचा आणि तिथून लाल धूळ आत जायची. नव्या कॉम्प्रेसर चाकाच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या चाकाच्या, पात्यांची कड सरळ, सुरीसारखी असते. लोहखनिजाची धूळ एक मोसम खाल्लेल्या चाकाची कड कुरतडलेली असायची. ट्यूबलाइटखाली धरले तर दिसायची, डोळे मिटून बोट फिरवले तरी कळायची. बाबा चाक ग्राहकाच्याच हातात द्यायचे. "बोट फिरवून बघा," म्हणायचे. मग त्याला घेऊन ट्रकाकडे जायचे आणि होज तपासायचे. होज बदलल्याशिवाय दुरुस्त केलेला टर्बो ते बसवू देत नसत. काही लोक चिडायचे. दुसऱ्या वर्षी तेच परत यायचे.

बाबांची दुसरी सवय तेलाचा फिल्टर कापून बघण्याची. कानशीने कड घासून डबा उघडायचा, आतला घडीचा कागद सोडवून उन्हात धरायचा. धातूची चमक दिसली तर आधी इंजिनाचे बघा, टर्बोला हात लावू नका. ही सवय आजही तशीच चालू आहे.

मी फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून बाहेर पडलो आणि २००७ पासून पूर्ण वेळ बाबांबरोबर उभा राहिलो. तेव्हा बॅलन्सिंगसाठी, म्हणजे फिरत्या चाकांचा तोल साधण्यासाठी, टर्बोचे कोर (शाफ्ट आणि चाकांचा मधला भाग) कोल्हापूरला पाठवावे लागत, रात्रीच्या बसने. दोन-तीन दिवस जायचे. २०१० मध्ये बँकेचे कर्ज काढून आम्ही स्वतःचे बॅलन्सिंग मशीन घेतले. आईने हिशेब मांडला होता: चार मोसमांत कर्ज फिटेल.

दोनच मोसम मिळाले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा खाणबंदीचा आदेश आला. त्या वर्षी पाऊस संपला, रस्ता कोरडा झाला, पण ट्रक आले नाहीत. अंगणाअंगणात ट्रक उभे, चाकांना गवत. ज्यांनी आमचे पैसे द्यायचे होते त्यांच्याच दारात बँकेची माणसे बसलेली. बाबा वसुलीला गेले नाहीत, मला जाऊ दिले नाही. तो निर्णय मला तेव्हा पटला नव्हता. आज पटतो. पुढे त्यातल्या बहुतेकांनी जमेल तसे पैसे आणून दिले.

आम्हाला सावरले ट्रॉलरवाल्यांनी. मालीं, वास्को, कुटबण इथल्या धक्क्यांवर मी स्वतः फिरलो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढ्याच काळात इंजिने उघडतात, आणि सगळ्यांना टर्बो एकदमच हवा असतो. ते दोन महिने आम्ही वर्कशॉपमध्येच झोपायचो. या कामाने मला एक गोष्ट शिकवली, जी कॉलेजात गणित म्हणून सोडवली होती पण हाताला लागली नव्हती. ट्रॉलरचे इंजिन जाळे ओढताना तासन्‌तास मिनिटाला तेवढ्याच फेऱ्यांवर, एकाच भाराखाली चालते. त्याच्या टर्बोने त्या एका जागी उत्तम काम केले की झाले. भरलेला ट्रक कमी फेऱ्यांवर चढ चढतो, त्याला कमी फेऱ्यांपासूनच दाब हवा. इंजिनाची ताकद सारखी असली तरी दोघांना एकच टर्बो चालत नाही. किती मोठा बसवायचा हे नंतर ठरते. इंजिन दिवसभर कुठल्या फेऱ्यांवर राहणार, हे आधी.

आणि मग एव्हो आली.

मित्सुबिशीने लान्सर इव्होल्यूशनची, म्हणजेच एव्होची, दहावी पिढी २०१० मध्ये भारतात आणली होती. अशी एक गाडी सासष्टीतले एक ग्राहक २०१६ मध्ये घेऊन आले. उभी असताना निळा धूर. त्यांना सगळीकडे टर्बो बदलायला सांगितले होते. टर्बोतून तेल परत जाणारी नळी कुणीतरी काम करताना पिळून बसवली होती. ही नळी उतरतीच हवी, तिच्यात कुठे पोट राहता कामा नये, नाहीतर तेल मागे तुंबते आणि चांगल्या सीलमधूनही बाहेर पडते. ट्रॉलरमध्ये हेच किती वेळा पाहिले होते. नळी सरळ केली, धूर बंद. त्या दिवसापासून ते गृहस्थ आमचे झाले.

२०१८ मध्ये त्यांनी ती गाडी रस्त्यावरून काढून फक्त शर्यतीच्या ट्रॅकसाठी ठेवायची ठरवली. इथे स्पष्ट सांगतो, कारण फोनवर रोज विचारणा होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. आम्ही मोठा टर्बो ट्रॅकवरच चालणाऱ्या गाडीलाच बसवतो, आणि ती फ्लॅटबेडवरून, म्हणजे गाडी वाहणाऱ्या ट्रकवरून, येते आणि जाते.

त्यांना ५०० हॉर्सपॉवर हवे होते. मार्च २०१८ मध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद झाल्या होत्या, आम्हाला काम हवे होते, आणि मी होकार दिला. ७६ मिलिमीटर कॉम्प्रेसर चाकाचा बॉल बेअरिंग टर्बो मागवला, वेगळा मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांचा धूर टर्बोपर्यंत आणणारा पाइप, मागवला. बाबांनी एकदाच विचारले, "गाडी फिरवणार कुठे?" मी म्हटले, कोइम्बतूरला, कारी मोटर स्पीडवेवर. ते पुढे काही बोलले नाहीत, पण तो प्रश्न मी तिथेच सोडायला नको होता.

कारी साधारण २.१ किलोमीटरचा ट्रॅक आहे, वळणांवर वळणे. आमच्या टर्बोला पूर्ण दाब यायला इंजिनाच्या मिनिटाला ४,७०० फेऱ्या लागत होत्या. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की काही नाही, आणि दाब येईपर्यंत पुढच्या वळणाचा ब्रेक आलेला. ग्राहकांनी परत येऊन मला ओरडा दिला नाही. एवढेच विचारले, "पात्रांव, पिकअप खंय गेलो?" (मालक, पिकअप कुठे गेला?) त्या मोठ्या टर्बोने त्यांची ट्रॅकवरची फेरी जुन्या टर्बोपेक्षा हळू केली होती.

तो टर्बो आम्ही स्वखर्चाने परत घेतला. मग मी जे आधी करायला हवे होते ते केले. कॉम्प्रेसर मॅपचा मोठा प्रिंट काढला, टेबलावर चिकटवला आणि बाबांना शेजारी बसवले.

मॅपवर आडवी रेषा हवेची, किती वजनाची हवा मिनिटाला जाते. उभी रेषा दाबाच्या गुणोत्तराची, आत आलेली हवा किती पट दाबली जाते. मध्ये डोंगराच्या नकाशासारखी वर्तुळे, आतले वर्तुळ म्हणजे जास्त कार्यक्षमता, हवा कमी तापते. डावीकडची तिरकी सीमा सर्जची. तिच्या पलीकडे हवा उलटी मारते, पंख फडफडल्यासारखा आवाज येतो आणि शाफ्टला मागेपुढे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगची वाट लागते.

एव्होचे ४बी११ इंजिन दोन लिटरचे. ७,००० फेऱ्यांना ते मिनिटाला सात घनमीटर हवा घेते, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच हवा भरते. १.४ बार बूस्ट (बाहेरच्या हवेच्या दाबावर टर्बोने चढवलेला दाब) आणि इंटरकूलरनंतर (दाबून तापलेली हवा गार करणारी जाळी) ५० अंश तापमान धरले, थोडी तूट वजा केली, की साधारण १७ किलो हवा होते, मॅपच्या भाषेत ३८ पाउंड. एक पाउंड हवेला ढोबळ दहा हॉर्सपॉवर, म्हणजे ३८०. दाबाचे गुणोत्तर काढताना इंटरकूलरमध्ये हरवलेला दाब वर मिळवायचा आणि फिल्टरने ओढलेला खाली वजा करायचा. बाहेरच्या हवेचा १, बूस्टचा १.४ आणि इंटरकूलरचा ०.१ मिळून २.५; ते भागिले ०.९५, म्हणजे २.६३. बरेच जण बूस्टमध्ये नुसता एक मिळवून सोडून देतात, तिथे चूक होते.

हा झाला वरचा बिंदू. खालचा बिंदू त्याहून महत्त्वाचा. ३,५०० फेऱ्यांना हवा निम्मी, १९ पाउंड, आणि दाब मात्र तेवढाच हवा. ७६च्या चाकाच्या मॅपवर पेन्सिल टेकवली तर तो बिंदू सर्जच्या रेषेवरच बसत होता. बाबांना इंग्रजी मॅप वाचता येत नव्हता, पण दोन टिंबे आणि मधली रेघ बघून त्यांनी लगेच सांगितले, "हा ट्रॉलरचा आहे. हिला ट्रकाचा हवा."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. ४बी११चा मूळ टर्बो ट्विन स्क्रोल आहे. इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२, त्यामुळे पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचा धूर एका वाटेने, दुसऱ्या आणि तिसऱ्याचा दुसऱ्या वाटेने टर्बाइनपर्यंत, म्हणजे धुरावर फिरणाऱ्या चाकापर्यंत, येतो. झोत एकमेकांवर आदळत नाहीत, चाक लवकर वेग घेते. मी बसवलेल्या सिंगल स्क्रोल मॅनिफोल्डने नेमके हेच घालवले होते. आता मूळ मॅनिफोल्ड परत लावला, मूळ मापाचे टर्बाइन हाऊसिंग ठेवले आणि आत फक्त मोठे बिलेट, म्हणजे सलग धातूतून कोरलेले, कॉम्प्रेसर चाक घेतले. तेलाच्या आणि पाण्याच्या नळ्या मूळच्याच. कोर आमच्या मशीनवर तीनदा बॅलन्स केला.

गोव्याच्या हवेचाही हिशेब धरला. आपण समुद्रसपाटीला, ही जमेची बाजू. पण ३५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सहा-साडेसहा टक्के विरळ असते, शिवाय दमट. परदेशातल्या थंड हवेत मिळालेले आकडे इथे जसेच्या तसे येत नाहीत.

पेट्रोलचेही तसेच. १७ किलो हवेला ११.५ला एक या प्रमाणात दीड किलो, म्हणजे जवळपास दोन लिटर पेट्रोल मिनिटाला. पेट्रोल फवारणाऱ्या चार इंजेक्टरांत प्रत्येकी ५०० सीसी, आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांवर चालवायचा तर ५९० सीसीचा हवा. पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) आल्यापासून त्यात आणखी आठ टक्के धरतो, ६४०. टर्बोवर लाखांनी खर्च करून इंजेक्टर आणि गाडीतला पेट्रोलचा पंप जुनेच ठेवणारे लोक येतात. त्यांना मी हा कागद दाखवतो आणि पैसे कुठे घालायचे ते सांगतो. ईसीयूचे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचे, ट्यूनिंग आम्ही करत नाही. ते काम ज्याला येते त्याच्याकडेच पाठवतो.

नव्या टर्बोला ३,६०० फेऱ्यांना पूर्ण दाब येतो. ताकद ५०० नाही, ३८०च्या आसपास. कारीवर ते ग्राहक त्याच टर्बोवर आजही जातात. त्यानंतर सुबारू आल्या, निसानच्या एसआर इंजिनाच्या आल्या. प्रत्येकाला आधी एक कोरा कागद देतो: ट्रॅक कुठला, फेऱ्या कुठून कुठपर्यंत, पेट्रोल कुठले. कागद भरून आल्याशिवाय टर्बोचे नाव मी घेत नाही. जपानी गाड्या आमच्या कामाचा लहान भाग आहेत. घर अजूनही ट्रक, बस आणि ट्रॉलरवर चालते, आणि जून-जुलैत ट्रॅकच्या गाड्यांना आम्ही तारीख देत नाही.

गेल्या मोसमात एव्हो कोइम्बतूरहून परत आली तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. फ्लॅटबेडवरून उतरवून घेईपर्यंत बाबा उठून आले. आमच्याकडे शिकायला असलेल्या आयटीआयच्या मुलाने तेलाचा फिल्टर काढला, बाबांनी कानस त्याच्या हातात दिली आणि डबा कसा फिरवायचा ते दाखवले. ऊन वर यायची वाट बघत तिघे चहा पीत बसलो. मग मुलाने कागद उलगडून धरला, बाबांनी चष्मा पुसून घडी न घडी बघितली. चमक नव्हती. कागदावर तारीख लिहून त्यांनी तो गाडीच्या फाइलमध्ये लावायला सांगितला.