आउल्वाबोर्गची वारी

वारीला निघालेल्या माणसाला शेवटी कळस तरी दिसतो. आउल्वाबोर्गला जाताना मात्र ठाऊक होतं की तिथे पाहण्यासारखं नगर नाही. आइसलँडच्या पूर्व किनाऱ्यावर बोर्गरफ्योर्दुर एस्त्री नावाचा फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेला समुद्राचा फाटा आहे. त्याच्या काठी बाक्कागेर्दी हे शंभराच्या आसपास वस्तीचं गाव आहे आणि गावाच्या कडेला एक खडकाळ टेकाड. हे टेकाड म्हणजेच आउल्वाबोर्ग, एल्फांचं नगर. त्यांची राणी इथेच राहते असं मानतात. गावातली घरं चालता चालता मोजून होतात; खडकातली कुणी मोजली नाहीत.

एल्फ म्हटलं की टोकदार कान, लांब केस, चांदीचे मनोरे असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. इथल्या लोककथांतले एल्फ तसे नाहीत. उंचीने माणसाएवढे, शेतकऱ्यासारखे राहणारे. गाई-मेंढ्या पाळतात, गवत कापतात, लग्नं करतात, रविवारी चर्चला जातात. आपल्याला त्यांचं घर म्हणजे नुसता दगड दिसतो, आणि त्यांच्या मनात असेल तेव्हाच ते स्वतः दिसतात. योन आर्नासोन यांनी 1862 ते 1864 या काळात छापलेल्या लोककथासंग्रहात त्यांच्या जन्माची गोष्ट आहे. देव घरी येणार म्हणून ईव्ह मुलांना न्हाऊ-माखू घालत होती, पण सगळ्यांची अंघोळ उरकली नाही. पारोशी मुलं तिने लपवली आणि देवाला सांगितलं, एवढीच आहेत. देव म्हणाला, माझ्यापासून लपवलंस ते माणसांपासूनही लपलेलं राहील. त्या पारोशा मुलांचा हा वंश. सगळ्या उत्पत्तिकथांत ही मला सर्वांत घरगुती वाटते. एवढ्या मोठ्या शापामागे कारण काय, तर अंघोळीला वेळ पुरला नाही.

बाहेरच्या बातम्यांत आइसलँडचे एल्फ येतात ते रस्त्याच्या कामात आडवे येणारे म्हणून. वाचणारे हसतात आणि पुढे जातात. त्यात मला गंमत वाटत नाही. मला ओढ होती एका अगदी वेगळ्या गोष्टीची. या नगराच्या आतलं वर्णन म्हणावं असं काही माझ्या वाचनात आलं नव्हतं. ना रस्ता, ना चौक, ना दरबार. जे आलं ते नगरातून बाहेर पडणाऱ्या माणसांचं. कारण एल्फांचं चर्च नगरात नाही. ते दूर डोंगरात, काइक्युदालुर नावाच्या दरीत आहे. किर्क्युस्टेइन हा तिथला एक प्रचंड खडक, तेच त्यांचं चर्च. म्हणजे हे अख्खं नगरच वारकऱ्यांचं. आपण त्यांच्याच वाटेने चालायचं, एवढं मनाशी धरून ताईला विचारलं. ताई भूशास्त्र शिकवते. तिला एल्फांशी देणंघेणं नव्हतं, रायोलाइट या ज्वालामुखी खडकाशी होतं. ती म्हणाली, "मी दगड बघायला येते. तुझे एल्फ भेटले तर माझा नमस्कार सांग."

सुरुवात आम्ही मुद्दाम गावाच्या अलीकडून केली, न्यार्दविकच्या बाजूने. तिथून बाक्कागेर्दीला येणारा रस्ता एका अवघड घसाऱ्याच्या पोटातून जातो. वरून सैल दगड आणि खाली थेट समुद्र. आता गाड्या जातात, पण पूर्वी तिथे जेमतेम पाऊलवाट होती आणि त्या वाटेवर नाद्दी होता. अर्धा माणूस, अर्धा पशू. कपारीत राहायचा आणि अंधार पडला की वाटसरूंना गाठायचा. एका शेतकऱ्याने त्याच्याशी झुंज घेतली, त्याला समुद्रात लोटलं आणि त्या जागी क्रूस उभारला गेला. आजही रस्त्याच्या कडेला क्रूस आहे. लाकूड वेळोवेळी बदललेलं, पण त्यावरच्या लॅटिन ओळीत साल 1306 आहे. ओळीचा अर्थ असा, की इथून जाणाऱ्या वाटसरू, ख्रिस्ताच्या या प्रतिमेपुढे वाकून तिला मान दे.

ताई वाकली नाही. मी वाकलो. श्रद्धेने की सवयीने, हे मला सांगता येणार नाही, पण कमरेत वाकल्यावर सॅकचं ओझं डोक्यावर आलं आणि तोल गेला. खाली समुद्र होता. ताईने सॅकचा पट्टा पकडला आणि म्हणाली, "नाद्दीने नाही नेलं, तू स्वतःच जा!" मग घसारा संपेपर्यंत ती माझ्या समुद्राच्या बाजूने चालली. लहानपणी रस्ता ओलांडताना चालायची तशीच.

गावात शिरताना उजवीकडे दिर्फ्योल दिसत राहतो. 1,136 मीटरचा काळा डोंगर, आणि माथ्याला मधोमध एवढी मोठी खाच की कुणीतरी दार काढून नेलंय आणि चौकट राहिलीय. समोरचे डोंगर मात्र फिकट गुलाबी, पिवळसर, राखाडी. काळा तो बेसॉल्ट, फिकट तो रायोलाइट. दोन्ही एक कोटी वर्षांहून जुन्या ज्वालामुखींचे, आणि आताचा आकार त्यांना पुढे हिमनद्यांनी दिला. ही माहिती ताईची. ती सांगताना तिचा आवाज जो लागला होता, तो कीर्तनाला शोभला असता.

बाक्कागेर्दीचं चर्च 1901 सालचं आहे. छोटं, साधं, आउल्वाबोर्गच्या पायथ्याशी. गावात सांगतात की चर्च आधी टेकाडावरच बांधायचं घाटत होतं, पण खडकातल्या शेजाऱ्यांनी स्वप्नात येऊन सांगितलं, इथे नको, खाली बांधा. खाली बांधलं. आत गेलं की वेदीवरचं चित्र दिसतं आणि माझ्या मते या सगळ्या वाटेवरचं खरं देऊळ तेच. 1914 साली योहान्नेस क्यार्वल याने ते रंगवलं. हा पुढे आइसलँडचा सर्वांत लाडका चित्रकार झाला, पण त्याचं बालपण इथलंच, गावाजवळच्या गेइताविक या शेतावरचं. विषय बायबलमधला, डोंगरावरचं प्रवचन. ख्रिस्त उभा आहे, भोवती माणसं ऐकतायत. पण तो उभा आहे आउल्वाबोर्गवर! मागे गालिलचे डोंगर नाहीत, दिर्फ्योल आहे, त्याच्या त्या खाचेसकट.

बिशपला हे पटलं नाही आणि त्याने चित्राला अभिषेक करायचं नाकारलं. चित्र मात्र जागचं हललं नाही. त्या बाकावर बसून मी बराच वेळ पाहत राहिलो. एल्फांच्या नगराच्या छपरावर ख्रिस्ताला उभं करणं ही केवढी हिंमत! की त्या पोराला यात हिंमत वगैरे काही वाटलीच नसेल? लहानपणापासून पवित्र जागा म्हणून त्याने हाच खडक पाहिला होता. प्रवचन कुठे झालं असेल असा प्रश्न पडल्यावर त्याने खिडकीबाहेर पाहिलं असेल, एवढंच. ताईला चित्रातल्या डोंगराचे थर बरोबर वाटले. तिच्याकडून ही मोठी दाद.

मुक्काम टेकाडाच्या पायथ्याशी, तंबूत. जुलैतली रात्र, म्हणजे रात्र नावापुरती. अंधार असा पडतच नाही, उजेड फक्त दमतो. जेवण उरकून नगरावर चढलो. चढायला फारसा वेळ लागत नाही. वर वारा असा की उभं राहायला दोन्ही पाय लागतात. खाली गावाचे दिवे नव्हते, कारण दिव्यांची गरज नव्हती. पायाखाली शेवाळ, गवत, खडकाच्या भेगा. कान लावून ऐकावं असं वाटलं आणि लाजही वाटली. दुसऱ्याच्या छपरावर उभं राहून त्याच्या घरात कान लावायचा म्हणजे काय! खाली आलो.

कथेत जिने हे नगरवासी पाहिले ती गावातली कुणी मोठी बाई नव्हती. योकुल्साउ नावाच्या शेतावरची ती साधी मुलगी. रविवार होता, घरचे सगळे चर्चला गेलेले, ती एकटी मागे राहिलेली. तिला घोडेस्वारांचा एक तांडा येताना दिसला, सगळे उंची कपड्यांत. तांड्याच्या पुढे असलेल्या बाईने तिच्याकडे प्यायला मागितलं. मुलीने दिलं. नाव विचारलं तेव्हा बाईने बोर्गहिल्दुर असं सांगितलं. मग तांडा माणसांच्या चर्चकडे न वळता डोंगराकडे, दरीत वर निघून गेला. बस, एवढीच कथा. वरदान नाही, शाप नाही, सोन्याचं नाणं नाही. प्यायला मागणं आणि प्यायला देणं. मला तर वाटतं, नगर आतून कसंही असो, माणसांना ते वाटेवरच भेटायचं होतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. तो आम्ही धरूनच आलो होतो.

वाट दरीत आत जाते. शेतं संपतात, कुंपणाची फाटकं येतात. फाटक उघडलं तर पुन्हा लावायचं, हा इथला चांगला पाळला जाणारा नियम. पडीक जमिनीवरून पायी जायला वाटसरूला कायद्याने मुभा आहे, तंबू मात्र वाटेल तिथे ठोकता येत नाही. पुढे वाट फक्त लाकडी खुंट्यांवर चालते. एका खुंटीपाशी उभं राहून पुढची शोधायची, दिसली की निघायचं. मेंढ्या उन्हाळाभर मोकळ्या असतात. त्या आम्हाला पाहून थबकायच्या आणि मग आमच्यात विशेष काही नाही असं ठरवून पुन्हा चरायला लागायच्या. दलदलीच्या जागी कापसासारख्या पांढऱ्या गोंड्यांचं गवत आडवंतिडवं हलत होतं. सोनचिखल्या एका सुरात शीळ घालत आमच्या पुढे पुढे पळत होता, पिल्लांपासून लांब नेत.

आणि मग घोडा खिंकाळला.

आम्ही दोघंही थांबलो. दरी उघडी, झाड एक नाही, लपायला जागा नाही. घोडा कुठेच नाही. पुन्हा तोच आवाज, या वेळी डोक्यावरून. थरथरता, चढत जाणारा आणि एकदम तुटणारा. ताईने वर पाहिलं. पाणलावा पक्षी होता. नर आकाशातून सूर मारतो तेव्हा शेपटीची बाहेरची पिसं वाऱ्याने कंप पावतात आणि तो आवाज निघतो. गळ्याचा त्यात संबंध नाही. आइसलँडच्या लोकांनाही तो खिंकाळण्यासारखाच वाटत आलाय. हे सगळं कळल्यावरही मी पुढचा अर्धा तास वाटेच्या एका कडेने चाललो. ताईच्या लक्षात आलं, पण ती काही बोलली नाही. नंतर पाहतो तर तीही कडेनेच चालत होती.

ओढा ओलांडताना बूट काढून गळ्यात अडकवले. पाणी बर्फाचं. पहिल्या पावलाला दुखतं, तिसऱ्याला पाय आहेत की नाहीत ते कळत नाही. पलीकडे बसून पाय चोळताना ताई पहिल्यांदा म्हणाली, "हे लोक दर रविवारी येतात?" मी म्हटलं, "घोड्यावरून." ती म्हणाली, "मग बरोबर."

किर्क्युस्टेइन गाठला तेव्हा वर खिंडीतून धुकं उतरायला लागलं होतं. पूर्व किनाऱ्याचं धुकं प्रसिद्ध आहे, त्याबद्दल गावात सगळेच बजावतात. खडक एकटा, अंगाने मोठा, भोवतालच्या उतारात वेगळा उठून दिसणारा. मी मनात काहीतरी योजून ठेवलं होतं, इथे पोचल्यावर असं करायचं, तसं म्हणायचं. त्यातलं काही झालं नाही. तळहात दगडावर टेकवला. गार होता. ताई खडकाला पूर्ण फेरी घालून आली. ती दगड तपासत होती, पण मी तिला सांगितलं नाही की याला प्रदक्षिणा म्हणतात.

आम्ही वाटेवरच बसकण मारली होती. थोड्या वेळाने ताई उठली, सॅक उचलली आणि चार हात बाजूला जाऊन बसली. मी काय म्हणून विचारलं. "रविवार आहे," ती म्हणाली. "आपण रस्त्यात बसलोय." मीही उठलो. तिथून वाट मोकळी राहिली आणि आम्ही बाजूला बसून आणलेलं खाल्लं. कुणी आलं नाही. निदान आम्हाला दिसलं नाही.

परतताना धुक्यात दोन खुंट्यांमधलं अंतर वाढल्यासारखं झालं. एक जण खुंटीपाशी थांबायचा, दुसरा आवाजाच्या टप्प्यात राहून पुढची शोधायचा. दुपारी बर्फ वितळून ओढा सकाळपेक्षा चढला होता, त्यामुळे ओलांडायला वरची रुंद जागा शोधावी लागली. तिथे पाणी मांडीपर्यंत आलं आणि ताईने पलीकडे पोचल्यावर जाहीर केलं की पुढच्या वेळी ती घोडा भाड्याने घेणार. इथले घोडे लहानखुरे पण काटक. बाहेरून घोडा देशात आणायला बंदी आहे आणि एकदा बाहेर गेलेला इथलाही परत येऊ शकत नाही, म्हणून जात शुद्ध राहिलीय. ते पाण्याला बिचकत नाहीत, हा तिचा मुद्दा. शिवाय नगरवासी स्वतःच घोड्यावर जातात, तर परंपरेलाही धरून. मी म्हटलं, त्यांची वारी त्यांनी हवी तशी करावी, आपली पायी. तंबू उतरवेपर्यंत हा वाद चालला होता आणि अजून मिटलेला नाही.