खिडकीतून दिसलेलं सोलापूर

आमचं सोलापुरातलं घर विकलं, तेव्हापासून गावी गेलो की मुक्काम लॉजवर. यंदा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला किल्ल्याजवळच्या एका ब्रिटिशकालीन इमारतीत खोली मिळाली. इमारतीचं नंतर हॉटेल झालेलं.

खोलीचं छत इतकं उंच, की पंखा लांब दांडीवर लोंबत होता. त्याच्या शेजारी तुळईत जाड लोखंडी कड्या होत्या. हात लावून पाहावंसं वाटलं, पण स्टुलावर चढूनही पोचलो नाही. पूर्वी तिथं कापडी पंखा टांगत, बाहेर बसलेला माणूस दोरी ओढी. त्या माणसाचा विचार काही केल्या डोक्यातून गेला नाही.

"अण्णा, खिडकी उघडी ठेवा वो, तळ्याचं वारं येतंय," खोली झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या. खरंच आलं. पहाटे सिद्धेश्वराच्या तळ्यावर धुकं, पलीकडे भुईकोटाचे बुरूज. आजोबा १८७७ साली निघालेल्या जुन्या मिलमध्ये होते. आजी भोंग्यावर चूल पेटवायची. आता भोंगा नाही.

नाश्त्याला कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. मग यात्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, बघायला निघालो. वाटेत चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबलो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ला इंग्रजांनी येरवड्यात फाशी दिली. त्याच इंग्रजांच्या काळातल्या छताखाली मी रात्री झोपलो होतो. चप्पल काढून हात जोडले.