तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या जुन्या चर्चला चुना कशाला फासता?

पाहुणे जुन्या गोव्यात बॉम जेझूस चर्चचा तांबडा दगड डोळे भरून बघतात आणि मग तळावलीला सांतानाच्या, म्हणजे संत ॲनच्या, पांढऱ्या चर्चपुढे उभे राहून मला म्हणतात, "दगड उघडा ठेवला असता तर काय जुनं वाटलं असतं!" मी सावंतवाडीचा, जुन्या इमारतींच्या चुनाकामात केस पिकलेला. त्यामुळे ही तक्रार माझ्याच वाट्याला येते.

बॉम जेझूसच्या भिंतींनाही गिलावा होता हो. बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने १९५०च्या दशकात तो काढायला लावला. म्हणजे चर्च १६०५ सालचं, पण तुम्हाला भावतं ते रूप जेमतेम माझ्या वयाचं. दर्शनी भागात वसईहून आणलेला काळा दगड आहे, तो पावसाला दाद देत नाही. बाकीच्या भिंतींच्या तांबड्या जांभ्याचं तसं नाही. त्याचा चिरा खाणीत मऊ असतो, वाऱ्यावर कडक होतो, पण अंगभर भोकं. कुंपणाच्या गडग्याला उघडा चालेल. उंच भिंतीवर चार महिने तिरपा पाऊस बसला की पाणी आत मुरतं आणि चिरा भुगा होऊन झडतो.

सांतान बांधलं १६८१ ते १६९५ या काळात, जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन साधूंच्या मठातल्या भव्य चर्चच्या धाटणीवर. तो मठ १८३५ साली ओस पडला. निगा राखणारं कुणी उरलं नाही. १८४२ला चर्चचं छत कोसळलं, १९३१ला दर्शनी भिंत. आज अर्धा मनोरा उरलाय. फोटो मात्र त्याचेच जास्त निघतात.

"मग सिमेंट लावा की, एकदाच काय ते!" हा पुढचा प्रश्न. तरुणपणी मी तेही करून बसलोय, एका वाडीतल्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात. सगळे खूश. तिसऱ्या पावसाळ्यात गिलाव्याचे पापुद्रे सुटले, आणि चिऱ्याचा दर्शनी थर सोबत घेऊन सुटले. सिमेंट आतली ओल बाहेर पडू देत नाही. चुना देतो. भिंत पावसात भिजते आणि उन्हात वाळते, एवढाच त्याचा हिशेब. त्यासाठी कळीचा चुना विरवा, मुरवा, रेतीत मळा, पातळ थर द्या आणि तो सुकेपर्यंत गप्प बसा. गप्प बसायचे पैसे कुणी देत नाही, ही या धंद्यातली खरी अडचण! वर दर काही वर्षांनी सफेदीचा हात आलाच. तुम्ही ज्याला फासणं म्हणता ते हेच.

तुम्ही येता डिसेंबरात, भिंती वाळल्यावर. एकदा जुलैत या, तवशांच्या म्हणजे काकड्यांच्या फेस्ताला, सांतानाच्या सणाला. मूल व्हावं म्हणून जोडपी सांतानाला तवसं वाहतात, बाहेर पाऊस कोसळत असतो. छत्री मिटा आणि भिंतीला तळहात लावून बघा.