दाखलपात्र मुलांची वही

प्राथमिक शाळेच्या शिक्षकांना दर उन्हाळ्यात जी कामे करावी लागतात, त्यांपैकी दाखलपात्र मुलांचे सर्वेक्षण हे मला सर्वांत आवडणारे आणि सर्वांत चीड आणणारे काम होते. नागपूरचे ऊन, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा, हातात वही आणि दारोदार एकच प्रश्न : घरात सहा वर्षांचे मूल आहे का? शहराच्या दक्षिण टोकाच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, एका बाईंनी मला आधी पाणी दिले आणि मग विचारले, "पोराचं नाव त लिहून घेता मॅडम, पण शाळा आहे कुठी?" त्या ओट्यावरून मला तीन रिकामे प्लॉट आणि एक अर्धवट बांधलेले घर दिसत होते. शाळा दिसत नव्हती.

त्याआधी मी जुन्या वस्तीतल्या एका शाळेत होते. तिथे खोल्या भरपूर होत्या आणि एका वर्गात अकरा मुले बसत. वाड्यांची दुकाने झाली, भाडेकरू शहराबाहेर प्लॉट घेऊन राहायला गेले आणि पट घसरत गेला. शिक्षकांची पदे ३० सप्टेंबरच्या पटावरून, म्हणजे संच मान्यतेने ठरतात, त्यामुळे पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि शिक्षक गेला की उरलेले पालकही मुलाचा दाखला काढून नेतात. या हिशेबात शाळेतून गेलेले मूल लगेच दिसते. जे मूल अजून कुठल्याच शाळेत गेलेले नाही, ते मात्र कोणत्याही पटावर नसते.

वास्तविक पहिलीत येणारे मूल अचानक उगवत नाही. ३१ डिसेंबरपर्यंत वयाची सहा वर्षे पूर्ण करणारे मूल त्या वर्षी पहिलीला पात्र ठरते. म्हणजेच २०२५ साली जन्मलेली मुले २०३१ मध्ये पहिलीत बसणार, हे आजच ठरलेले आहे, आणि त्यांच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करण्याचे बंधन १९६९ च्या कायद्याने घातलेले आहे. शिक्षण हक्क कायद्याने तर आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवण्याची जबाबदारीच स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे.

जन्माची नोंदवही मात्र जपून वाचावी लागते. जन्म जिथे झाला तिथे नोंदला जातो, आणि आपल्या शहरात धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांची गर्दी आहे. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत तर विदर्भभरातून बाया बाळंतपणाला येतात. नुसती बेरीज केली तर वर्गखोल्या धंतोलीत बांधाव्या लागतील! त्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत, म्हणजे शहराच्या टोकाच्या हुडकेश्वरच्या सुनेचे बाळ यवतमाळच्या वहीत. नोंदणीच्या अर्जात आईच्या राहत्या पत्त्याचा रकाना असतो, हिशेब त्या रकान्यावरून व्हायला हवा. त्याहून भरवशाची मला लसीकरणाची यादी वाटते, कारण गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात आणि तोवर बाळ-बाळंतीण आपल्या घरी परतलेली असतात. अंगणवाडीची नोंद, लसीकरणाची यादी आणि नव्या घरांचे बांधकाम परवाने असे तिन्ही कागद झोन कार्यालयात एका टेबलावर ठेवले, तर चार वर्षांनंतर कोणत्या वस्तीत किती तुकड्या लागतील याचा अंदाज एखादी शिक्षिकाही एका दुपारी बांधू शकेल.

जनगणनेचा आधार घ्यावा म्हटले, तर नियोजनात आजही वापरला जाणारा २४,०५,६६५ हा शहराच्या लोकसंख्येचा आकडा २०११ चा आहे. त्या वर्षी जन्मलेल्या मुलांनी चौदावे वर्ष ओलांडले. ज्या मुलांसाठी नियोजन करायचे, त्यांच्यापैकी एकही त्या मोजणीत नाही. हुडकेश्वर-नरसाळा तर २०१३ मध्ये शहरात आले.

जागेचा प्रश्न याहून अवघड आहे. पाच हजार वस्तीमागे एक प्राथमिक शाळा आणि तिला सुमारे एक एकर जागा, असे नगररचनेचे प्रमाण आहे. पण एकोणीसशे लेआउट, पाचशे बहात्तर लेआउट अशा आकड्यांनीच ओळखल्या जाणाऱ्या आपल्याकडच्या वस्त्या आधी मंजुरीशिवाय प्लॉट पाडून विकल्या गेल्या आणि नंतर गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाल्या. तिथे एक एकर आता कोण देणार? जिथे विकास आराखड्यात शाळेचे आरक्षण आहे, तिथेही दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या चोवीस महिन्यांत हालचाल झाली नाही की आरक्षण संपते. शाळा अशी कागदावरच बंद पडते आणि तिच्यासाठी मोर्चाही निघत नाही.

शिक्षण हक्क कायद्याने वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखलेल्या खासगी शाळांतील २५ टक्के जागांनी ही उणीव काही अंशी भरून निघते. परंतु ऑनलाइन अर्जात नकाशावर घराची खूण करायची आणि तिथून ठरावीक अंतराच्या आतल्या शाळा निवडायच्या, या पद्धतीत रिंग रोड किंवा नाग नदीचा नाला आडवा येतो हे नकाशाला कळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती रद्द केली. माझ्या मते ते योग्यच झाले, कारण जवळ इमारत असणे आणि तिथे प्रत्येक इयत्तेला शिक्षक असणे यांत बरेच अंतर असते.

त्या बाईंच्या मुलाचे नाव मी वहीत लिहिले. "जवळची शाळा" या रकान्यात साडेतीन किलोमीटरवरच्या माझ्याच शाळेचे नाव घातले, कारण तो रकाना कोरा ठेवला की वही दुरुस्तीसाठी परत येत असे.