बाईंचा टोप

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिही, असा निरोप आला आणि आधी आठवला तो एक टोप. ॲल्युमिनियमचा, काठाला पोचा आलेला. तो पोचा मी आणला.

१९९५चं स्नेहसंमेलन, मी नववीत. दूरदर्शनवर आदल्याच वर्षी ‘श्रीमान श्रीमती’ सुरू झाली होती. आमच्या वाड्यावर टीव्ही एकच, देवळामागच्या दुकानदाराच्या सोप्यावर. वारा सुटला की ॲण्टेना फिरायचा. मग एकाने छपरावर चढायचं आणि बाकीच्यांनी खालून ‘आयलें, आयलें... गेलें!’ म्हणून ओरडायचं. अशा मुंग्यांनी भरलेल्या चित्रातून मी रिमा लागूंची कोकिळा कुलकर्णी पाहिली. नवरा केशव शेजारच्या सिनेनटीवर लट्टू आणि त्या नटीचा नवरा दिलरुबा हिच्यावर. मालिका हिंदी, पण लिहिणारे अशोक पाटोळे. त्यामुळे असेल, त्या घराला मराठी घराचाच वास यायचा.

संमेलनात मी तशीच एक कोकी उभी केली. साडी आईची, टोप मराठीच्या बाईंच्या घरचा. नवरा झालेला मुलगा तिसऱ्याच वाक्याला अडखळला, मला हसू फुटलं आणि हातातला टोप सुटून घरंगळत थेट पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या पायाशी. मंडप हसला. नाटुकल्याला नव्हे, टोपाला.

बाई पडद्यामागे आल्या. शाळेत त्या कधी कोंकणी बोलायच्या नाहीत. बोलल्या की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. म्हणाल्या, “तूं हांसल्यार लोक कित्याक हांसतले गो?” म्हणजे तूच हसलीस तर लोक कशाला हसतील? आणि मग मराठीत, “पुढच्या वेळी तिचं तोंड बघू नकोस, हात बघ.”

हात बघायला लागले आणि मालिकाच वेगळी दिसू लागली. केशव थापांवर थापा मारत असायचा आणि ही आपली हातातल्या कामात. पदर सावरणं, वळून बघणं, सगळं घरातल्या बाईसारखं. आपण विनोद करतोय याची तिला खबरच नाही! जतीन कनाकियांचा केशव धावपळ करून हसवायचा, तो मोठाच नट. पण तो धावायचा कुणाभोवती? मधोमध रोवलेल्या या खांबाभोवती. ‘तू तू मैं मैं’ मालिकेत रिमाताईंनी केलेली सासू देवकी तर निराळीच. तिथे सुप्रिया पिळगावकरांच्या राधाशी शब्दाला शब्द. पडद्यावरच्या या सासू-सुनेत खरं अंतर नऊ वर्षांचं, हे मला फार नंतर कळलं. ‘वास्तव’मधला मुलगा संजय दत्त तर त्यांच्याहून जेमतेम वर्षाने लहान!

दहावीच्या सुट्टीत बाईंनी जयवंत दळवींचं ‘पुरुष’ वाचायला दिलं. “दळवी जन्माने आपल्या गोव्यातल्या हडफड्याचे,” हे सांगायला त्या विसरल्या नाहीत. रंगभूमीवर अत्याचाराचा सूड घेणारी अंबिका रिमाताईंनी केली होती, समोर नाना पाटेकरांचा गुलाबराव. ‘सविता दामोदर परांजपे’तही त्याच. मी चक्रावले. कोकी आणि अंबिका एकच? बाई म्हणाल्या, “मग? ज्याला रडवता येतं त्यालाच हसवता येतं, असं काही नसतं. दोन्हीकडे खरं वागावं लागतं, एवढंच.” आई मंदाकिनी भडभडेही रंगभूमीवरच्या, ‘नयन भडभडे’ हे रिमाताईंचं मूळ नाव, शाळा पुण्याची हुजूरपागा, हेही तेव्हाच कळलं. शाळेत असतानाच त्यांचा अभिनय लोकांच्या नजरेत भरला होता. आमच्या शाळेत माझा टोप भरला.

पुढे मी नटी झाले नाही. डिचोलीत बँकेत चिकटले. रिमाताईंनीही अभिनय सांभाळत सुमारे दहा वर्षं युनियन बँकेत काम केलं आणि आंतरबँक सांस्कृतिक कार्यक्रमांत भाग घेतला. हे वाचलं त्या दिवशी मी काउंटरवर बसून उगाचच ताठ झाले. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत दोनदा उतरले, दोन्ही वेळा विनोदी भूमिका. तालमीत हसू येऊ लागलं की अजूनही मी हातांना काम देते. कापडाची घडी घालते, नाहीतर शेंगा सोलते.

१८ मे २०१७ला रिमाताई गेल्या तेव्हा वय अवघं ५८. ‘नामकरण’ मालिकेतली दयावंती, ती खलनायिका, शेवटपर्यंत चालू होती. मथळे मात्र जवळजवळ सगळे ‘पडद्यावरची आई’. मला राग आला, अजून येतो. ‘मैंने प्यार किया’ची आई त्या होत्याच, पण कोकीला अर्ध्या ओळीत गुंडाळायचं? विनोदी काम करणाऱ्या बाईचं हे नेहमीचंच. हसवलं की लोक हसून मोकळे, मग मोठी नटी कुठली, तर रडवणारी!

त्या संध्याकाळी बाईंना फोन लावला. त्या निवृत्त होऊन फोंड्याला लेकाकडे राहतात. बराच वेळ दोघी गप्प. मग म्हणाल्या, “हात बघितलेस ना गं तिचे?” म्हटलं, “बघितले, बाई.” “आनी म्हजो टोप?”

टोप माझ्याकडेच आहे, बाई. पोचा तसाच. रात्री त्यात अळसांदे भिजत घालते. समारंभाला घेऊन येते, पण परत मिळेल अशी आशा ठेवू नका.