गावच्या मंडळाचा अहवाल कुठल्याही यंत्रावर जुळवणारी शेल स्क्रिप्ट

कोकणातल्या बऱ्याच गावांना दोन मंडळं असतात, एक गावचं आणि एक मुंबईचं. वार्षिक अहवाल या दोघांमध्ये फिरतो. वर्गणीदारांची यादी मुंबईत बनते, देवळाचा जमाखर्च गावात लिहिला जातो आणि छपाई होते कणकवलीला, चिपळूणला नाहीतर रत्नागिरीला. म्हणजे यंत्रंही तीन प्रकारची आली. वाचनालयातला उबुंटू घातलेला जुना संगणक, चाकरमान्याचा मॅक आणि डब्ल्यूएसएल चढवून लिनक्स चालवता येईल असा छापखान्यातला विंडोज. दरवर्षी नावं आणि आकडे बदलतात, साचा तोच राहतो. अशा कामाची अक्षरजुळणी शेल स्क्रिप्टवर, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलवर, सोपवावी, फक्त ती स्क्रिप्ट तिन्ही ठिकाणी एकसारखी चालली पाहिजे. (खाली आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टंकताना ती अर्थातच रोमनमध्ये.)

पहिला निर्णय म्हणजे बॅश हे नेहमीचं शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) सोडायचं आणि पॉझिक्स या सामायिक मानकातल्या एसएचमध्ये लिहायचं. उबुंटूवर २००६ पासून आणि डेबियनवर २०११ पासून 'एसएच' म्हणजे डॅश हे छोटं शेल आहे. मॅकवर बॅश आहे, पण ३.२ आवृत्तीवर थांबलेलं, कारण ४ पासून परवाना जीपीएल ३ झाला. २०१९ पासून तर तिथे नव्या खात्यांना झेडएसएच हे वेगळंच शेल मिळतं. त्यामुळे दुहेरी चौकटी कंस, अ‍ॅरे, असोसिएटिव्ह अ‍ॅरे यांतलं काही वापरलं की कुठलं तरी एक यंत्र अडणारच. फाइलनावांची यादी हवी असेल तर 'सेट डॅश डॅश' करून ती डॉलर-अ‍ॅट मध्ये ठेवा. पॉझिक्सला मिळणारा एकमेव अ‍ॅरे तोच, आणि अहवालाला तेवढा पुरतो.

सुरुवातीला 'सेट डॅश ई यू' लिहा, म्हणजे आज्ञा फसली किंवा किंमत न दिलेलं चल आलं की स्क्रिप्ट थांबते, पण त्याच्यावर विसंबू नका. 'इफ'च्या अटीत किंवा 'अँड-अँड'च्या डाव्या बाजूला आलेली आज्ञा फसली तर 'डॅश ई' स्क्रिप्ट थांबवत नाही. मजकूर छापायला 'एको' टाळा. त्याचं 'डॅश एन' आणि उलट्या तिरक्या रेषांचं वागणं शेलगणिक बदलतं, 'प्रिंटएफ' सगळीकडे सारखं वागतं. मजकूर शोधून बदलणाऱ्या सेडचं 'सेड डॅश आय' (मूळ फाइलच बदलणं) हेही नको. मॅकचं सेड त्यापुढे जोडनाव मागतं आणि लिनक्सचं सेड ते वेगळं दिलेलं घेत नाही, त्यामुळे एकच ओळ दोन्हीकडे चालत नाही. नव्या फाइलमध्ये लिहून ती 'एमव्ही'ने जुन्या नावावर हलवली की प्रश्न मिटतो.

विंडोजवर नोटपॅडमध्ये नव्याने लिहून जतन केलेल्या स्क्रिप्टचा एक त्रास हमखास येतो. फाइल समोर दिसते आणि यंत्र म्हणतं 'नॉट फाउंड'. पहिल्या ओळीच्या शेवटी न दिसणारा कॅरेज रिटर्न (विंडोजची ओळ संपल्याची जादा खूण) बसलेला असतो, आणि कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, 'एसएच' ऐवजी 'एसएच अधिक कॅरेज रिटर्न' नावाचा प्रोग्राम शोधत राहतो. गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम) वापरत असाल तर गिट-अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये एसएच फाइलींसाठी ओळीचा शेवट 'एलएफ' (लिनक्सची खूण) असा पक्का करा. पेनड्राइव्हवरून देवाणघेवाण होत असेल तर फॅट प्रकारच्या ड्राइव्हवर चालवण्याची परवानगी नोंदली जात नाही हेही धरून चला आणि स्क्रिप्ट नेहमी 'एसएच' पुढे नाव देऊन चालवा. फाइलनावं रोमन, लहान लिपीतली, मोकळ्या जागेशिवायची ठेवा. मॅकला 'पालखी.जेपीजी'च्या रोमन नावातलं लहान-मोठं अक्षर सहसा चालून जातं, लिनक्सला नाही, आणि चित्र सापडत नाही.

आता यादी. वर्गणीदारांची नावं बहुधा एक्सेलमधून येतात. स्वल्पविरामाऐवजी टॅबने वेगळे केलेले रकाने मागा, कारण रक्कम '१,२५,०००' अशी लिहिलेली असते आणि स्वल्पविराम लगेच घोळ घालतो. अक्षरं साठवण्याची पद्धत यूटीएफ-१६ असेल तर आधी 'आयकॉन्व्ह'ने फाइल यूटीएफ-८ करून घ्या. यूटीएफ-८ असेल तरी सुरुवातीला तीन बाइटांची बॉम ही खूण असू शकते. ती राहिली तर पहिल्या रकान्याचं शीर्षक दिसायला बरोबर आणि तुलनेत चूक, असा चकवा लागतो. 'प्रिंटएफ'ला अष्टमान ३५७, २७३, २७७ देऊन ती खूण चलात घ्या आणि सेडने फक्त पहिल्या ओळीतून उडवा. कॅरेज रिटर्न 'टीआर डॅश डी'ने जातो. मग टेकला, म्हणजे अक्षरजुळणीच्या प्रोग्रामला, विशेष अर्थ असलेली चिन्हं सांभाळायची: अँपरसँड, टक्का, डॉलर, हॅश, अधोरेषा. प्रत्येकापुढे उलटी तिरकी रेषा लावायची. मूळ यादीतच उलटी तिरकी रेषा किंवा महिरपी कंस सापडला तर तो बदलत बसू नका, ओळीचा क्रमांक सांगून स्क्रिप्ट थांबवा. माणसांच्या नावात ही चिन्हं येण्याचं कारण नसतं, आली असतील तर टंकताना काही चुकलं आहे.

इंग्रजी अंकांचे देवनागरी अंक करणं हे दिसतं त्याहून नाजूक काम आहे. पहिला विचार येतो एका चिन्हाजागी दुसरं ठेवणाऱ्या 'टीआर'चा. लिनक्सवरचं जीएनयू टीआर अक्षरं ओळखत नाही, बाइट ओळखतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं, त्यामुळे '५' च्या जागी अर्धवट बाइट येतो आणि पुढे अक्षरजुळणीचा प्रोग्राम अवैध मजकुराची तक्रार करतो. मॅकवर तीच ओळ बिनतक्रार चालते, म्हणून मुंबईत तपासलेली स्क्रिप्ट गावात फसते. दुसरा विचार सेडच्या 'वाय' आज्ञेचा. ती यूटीएफ-८ लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे यंत्राची भाषा-लिपीची मांडणी) नीट चालते, पण लोकेल 'सी' असेल तर दहा अक्षरांसमोर तीस बाइट दिसतात आणि दोन्ही बाजूंची लांबी सारखी नाही म्हणून ती थांबते. उपाय लांबलचक पण खात्रीचा आहे. सेडच्या 'एस' आज्ञा दहा वेळा लिहा, शून्यासाठी एक, एकासाठी एक, अशा. त्यात बाइटांची साखळी जशीच्या तशी बदलली जाते, लोकेल काहीही असो. मात्र हा बदल सगळी आकडेमोड झाल्यावर आणि फक्त छापायच्या मजकुरावर करा. टेकच्या आज्ञांमधल्या मापांना हात लागला तर बारा पॉइंटचा '१२' टेकला कळणार नाही.

लाखाचे स्वल्पविरामही लोकेलवर सोडू नका. ऑक या रकाने हाताळणाऱ्या भाषेत छोटं फंक्शन लिहा: शेवटचे तीन अंक बाजूला काढा, उरलेल्यातले मागून दोन-दोन घेत पुढे स्वल्पविराम जोडा. हेही देवनागरी अंक करण्याआधीच, कारण काही ठिकाणी ऑक म्हणून असलेलं 'एमऑक' लांबी बाइटांत मोजतं. 'आंबा' या शब्दाची लांबी त्याच्या हिशेबी १२, 'जीऑक'च्या हिशेबी ४. त्याच कारणाने 'प्रिंटएफ'ने जागा सोडून रकाने जुळवू नका, तक्ता टेकलाच आखू द्या.

नावांचा क्रम हा लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय. 'सॉर्ट'ला यूटीएफ-८ वर 'सी' लोकेल दिलं की तो युनिकोडच्या क्रमाने लावतो, आणि तिथे ळ हा ल च्या लगेच नंतर, व च्या आधी बसला आहे. त्यामुळे साळवी सावंतांच्या आधी येतात. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर येतो, म्हणून आधी सावंत, मग साळवी. दुसरं लोकेल लावून बघण्यात अर्थ नाही, ते प्रत्येक यंत्रावर बसवलेलं असेलच असं नाही आणि क्रमही तोच मिळेल याची हमी नाही. प्रत्येक ओळीपुढे एक किल्ली-रकाना जोडा. त्यात आडनाव आधी, मग नाव, आणि ळ च्या जागी अवग्रह म्हणजे 'ऽ'. युनिकोडमध्ये अवग्रह ह च्या नंतर आणि काना-मात्रांच्या आधी आहे, नेमका हवा तिथे. किल्लीतच ॲ च्या जागी अ आणि वर चंद्र असे दोन वर्ण लिहा. एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला आणि त्याची जागा शेवटाकडे आहे, त्यामुळे त्याने सुरू होणारी नावं तळाला जातात. शिवाय अर्ध्या लोकांनी तो एकसंध टंकलेला असतो, अर्ध्यांनी दोन तुकड्यांत. क्रम लावून झाला की 'कट'ने किल्ली काढून टाका. क्ष आणि ज्ञ कुठे हवेत ते मंडळाला विचारून ठरवा आणि तसाच बदल किल्लीत करा.

तारखेतला एक दोष वर्षातून दोनच महिने दिसतो. 'डेट' महिना दोन अंकी देतं. शेलच्या गणितात पुढे शून्य असलेली संख्या अष्टमान समजली जाते, आणि ०८ व ०९ अष्टमानात नाहीतच. म्हणजे जुलैपर्यंत नीट चाललेली स्क्रिप्ट नेमकी ऑगस्ट-सप्टेंबरात, गणपतीला अहवाल वाटायच्या वेळी, अडते. पुढचं शून्य आधी काढून टाका. महिन्यांची मराठी नावं 'केस'मध्ये बारा ओळींत लिहून ठेवा.

जुळणीसाठी झीलेटेक हा टेकचा युनिकोड समजणारा प्रकार घ्या. फॉन्ट नावाने मागवू नका. नावं शोधण्याची पद्धत लिनक्सवर आणि मॅकवर वेगळी आहे. फॉन्टची फाइल स्क्रिप्टशेजारी ठेवून फॉन्टस्पेक या फॉन्ट निवडणाऱ्या पॅकेजला तिचा मार्ग द्या. आयआयटी मुंबईचा शोभिका किंवा मुक्ता हे मुक्त परवान्याचे फॉन्ट असे सोबत देता येतात. लिपी देवनागरी आणि भाषा मराठी हे दोन्ही सांगा. लिपी सांगितली नाही तर जोडाक्षरं सुटी पडतात, आणि भाषा सांगितली की फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. एक कसोटीचं पान कायम ठेवा: दऱ्या, सुऱ्या, ॲड., ₹, क्ष, ज्ञ, ङ्. नवा फॉन्ट आला की आधी ते पान छापून बघा.

झीलेटेक चालवताना 'हॉल्ट ऑन एरर' द्या आणि इनपुट 'डेव्ह नल'कडून (म्हणजे रिकामं) घ्या, नाहीतर चूक झाल्यावर ते उत्तराची वाट बघत बसेल. त्याचं आउटपुट पाइपने 'टी'ला (पडद्यावर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे लिहिणारी आज्ञा) देऊ नका. पाइपचा निकाल शेवटच्या आज्ञेचा धरला जातो, जुळणी फसली तरी 'टी' यशस्वीच असते. आउटपुट फाइलमध्ये वळवा आणि निकाल थेट 'इफ'ने तपासा.

निकाल शून्य आला तरी पीडीएफ बरोबर आहे असं समजू नका. फॉन्टमध्ये नसलेल्या अक्षराच्या जागी रिकामी जागा किंवा चौकट येते आणि झीलेटेक काम न थांबवता लॉगमध्ये (कामाच्या नोंदींच्या फाइलमध्ये) 'मिसिंग कॅरॅक्टर' अशी नोंद करतं. ₹ हे चिन्ह २०१० चं, जुन्या फॉन्टांत ते नसतं, आणि जमाखर्चाच्या पानावर आकड्यांआधी चिन्हच दिसत नाही. टेक लाइव्ह २०२१ पासून 'ट्रेसिंग लॉस्ट कॅरॅक्टर्स' ला ३ किंमत दिली की हीच गोष्ट चूक धरली जाते आणि काम थांबतं. जुन्या आवृत्तीवर लॉगमध्ये 'ग्रेप' करा, तेही 'इफ'मध्ये, कारण काही न सापडल्यावर ग्रेप १ परत देतं आणि 'डॅश ई' सगळं बंद पाडतं. लॉगच्या ओळी ७९ वर मोडतात, त्यामुळे शोधलेला शब्दच दोन ओळींत तुटू शकतो. 'मॅक्स प्रिंट लाइन' हे परिसर-चल १००० करून घ्या.

अनुक्रमणिकेसाठी पुन्हा पुन्हा जुळणी लागते. प्रत्येक फेरीनंतर ऑक्स फाइलची (टेक पानांचे क्रमांक जिथे साठवतं ती) जुनी प्रत नव्याशी 'सीएमपी'ने ताडून बघा, सारखी झाली की थांबा, आणि चार फेऱ्यांत जुळली नाही तर चूक दाखवा.

पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि अर्धवट लिहिलेली ऑक्स फाइल पुढच्या वेळी भलत्याच चुका दाखवते. म्हणून काम वेगळ्या फोल्डरमध्ये करा आणि सुरुवातीलाच तो रिकामा करा. पुसताना चल रिकामं असेल तर थांबवणारं 'कोलन प्रश्नचिन्ह' रूप वापरा. पीडीएफ सगळ्या तपासण्यांतून गेल्यावरच 'एमव्ही'ने बाहेर आणा. हा फोल्डर त्याच ड्राइव्हवर हवा, दुसऱ्या ड्राइव्हवर 'एमव्ही' म्हणजे नक्कल करून पुसणं, आणि नक्कल मध्येच तुटू शकते. स्क्रिप्ट थांबताना आवराआवर करणारा 'ट्रॅप' लावताना फक्त 'एक्झिट' पुरत नाही. कंट्रोल-सी दाबल्यावर डॅश तो ट्रॅप चालवत नाही, 'आयएनटी' आणि 'टर्म' या थांबवण्याच्या इशाऱ्यांसाठी वेगळे लावून त्यांतून 'एक्झिट' म्हणा.

स्क्रिप्ट वाटण्याआधी शेलचेकला (स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारा प्रोग्राम) 'एसएच' सांगून तपासा आणि डॅश व बिझीबॉक्समधलं शेल दोन्हींवर एकदा चालवा. मॅकवरही २०१९ पासून डॅश असतं.

छापखान्याकडे पाठवण्याआधी दोन गोष्टी उरतात. 'पीडीएफफॉन्ट्स'ने सगळे फॉन्ट आत बसले आहेत का बघा, आणि 'पीडीएफइन्फो'मधून पानांची संख्या काढा. मधोमध पिन मारायच्या पुस्तिकेला चारने भाग जाणारी पानं लागतात. भाग जात नसेल तर स्क्रिप्टने काम न थांबवता किती पानं कमी पडतात तेवढं सांगावं. त्या पानांवर जाहिराती घ्यायच्या की पुढच्या शिमग्याच्या तारखा छापायच्या, ते मंडळ बघेल.